खानेसुमारीच्या कागदांत आजोबा सापडतात का?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा डोकावतो आहे. घराण्यातील चार-पाच पिढ्यांमागची नावे जुन्या खानेसुमारीतून, म्हणजे जनगणनेतून, मिळतील का, आणि मिळणार असतील तर कोणत्या कचेरीचे उंबरठे झिजवावेत, असे अनेकांनी विचारले आहे. पत्रे बहुतांशी मराठवाड्यातली आहेत आणि त्यात नवल नाही. या प्रदेशाचे दप्तर शंभर वर्षांत मोडी, उर्दू आणि बाळबोध अशा तीन लिपींतून, फसली आणि इसवी अशा दोन कालगणनांतून आणि तीन राज्यांच्या कारभारातून गेले; तेथे आजोबांचे नाव शोधणाऱ्याची दमछाक व्हायचीच. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. तो ज्या घरात भाड्याने राहतो, त्या घरातील १९२१ सालचे रहिवासी त्याला तेथील जनगणनेच्या पानावर नावानिशी पाहता आले. माझे आजोबा १९३१ साली मोमिनाबाद तालुक्यातील आमच्या गावी होते, हे नक्की. निजामाच्या राज्यातील त्या वर्षीच्या खानेसुमारीचे आमच्या घराचे पान मला कोठे पाहायला मिळेल?
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : निराश करणारा भाग आधी सांगून टाकतो. ते पान आपल्याला मिळणार नाही, कारण ते जपून ठेवावे असे त्या काळी कोणाच्या मनातच नव्हते. इंग्लंडमध्ये घरोघरी भरलेले मूळ तक्ते सांभाळून ठेवतात आणि शंभर वर्षांनी खुले करतात. १९२१ चे तक्ते त्यानुसार जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. (आपल्या भाच्याने आणखी दहा वर्षांनी १९३१ चे पान शोधले, तर मात्र त्याच्याही हाती काही लागणार नाही, ते तक्ते १९४२ च्या आगीत जळून गेले.) आपल्याकडे खानेसुमारीचा हेतूच निराळा होता. सरकारला माणसे मोजायची होती, ती लक्षात ठेवायची नव्हती.

हैदराबाद संस्थानातील पहिली खानेसुमारी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाली आणि पुढे दर दहा वर्षांनी होत राहिली. उर्दू कागदांत तिला मर्दुमशुमारी म्हटलेले आढळेल. आधी घरांवर क्रमांक टाकले जात. मग गणक, म्हणजे बहुधा गावचा पटवारी किंवा शिक्षक, घरोघर फिरून नाव, धर्म, जात, वय, लग्न झाले आहे की नाही, व्यवसाय, जन्मस्थान, मातृभाषा आणि साक्षरता यांची नोंद करी, आणि ठरलेल्या रात्री पुन्हा एक फेरी मारून मेलेले, जन्मलेले, आलेले आणि गेलेले एवढी दुरुस्ती करून घेई. आपले आजोबा या पानावर नक्की होते. पुढे काय होई ते पाहा. १९०१ पासून देशभर चिठ्ठ्यांची पद्धत सुरू झाली. पानावरील एकेका माणसाची माहिती एकेका चिठ्ठीवर उतरवायची, त्या चिठ्ठ्या धर्म, जात, वय याप्रमाणे खणांत टाकायच्या आणि प्रत्येक खणातील चिठ्ठ्या मोजून आकडा कोष्टकात भरायचा. कोष्टक भरले की चिठ्ठीचे काम संपले आणि पानाचेही. छापील ग्रंथात उरला तो फक्त आकडा. आपले आजोबा त्या आकड्यात आहेत, पण तेथून त्यांना बाहेर काढता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर तर कायद्यानेच दार बंद केले. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे जनगणनेत कोणा एका व्यक्तीविषयी भरलेली माहिती कोणालाही पाहता येत नाही आणि सर्वसाधारणपणे न्यायालयात पुरावा म्हणूनही दाखल करता येत नाही. इंग्लंडसारखी शंभर वर्षांची मुदत आपल्या कायद्यात नाही. २०२७ च्या जनगणनेत आपण जी माहिती भराल, तीही आपल्या पणतवंडांना या वाटेने मिळायची नाही.

मग हे ग्रंथ निरुपयोगी आहेत का? मला तसे वाटत नाही. फक्त त्यांच्याकडे नाव मागू नये. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे १ कोटी १५ लाख होती, ती १९०१ मध्ये १ कोटी ११ लाखांवर आली; मधल्या दहा वर्षांत लागोपाठ मोठे दुष्काळ पडले होते. १९११ मध्ये ती १ कोटी ३३ लाखांवर गेली आणि १९२१ मध्ये पुन्हा १ कोटी २४ लाखांवर घसरली. त्या दशकात प्लेग होता आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा. आपल्या वंशावळीत पणजोबांच्या चार भावांपैकी एकाचाच वंश पुढे चाललेला दिसत असेल, किंवा घराणे अचानक एका गावातून दुसऱ्या गावी उठून गेलेले दिसत असेल, तर त्या पिढीचे वय या दोन खड्ड्यांशी ताडून पाहावे. ‘आमचे मूळ पुरुष गोदाकाठाहून आले’ एवढेच घरात सांगतात. ते का आले, याचे उत्तर पुष्कळदा या आकड्यांत दडलेले असते.

नावे हवी असतील, तर १९३१ सोडून १९५१ कडे या. त्या वर्षीच्या जनगणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरून गावोगावची राष्ट्रीय नागरिक नोंदवही तयार करण्यात आली होती. घर क्रमांक, व्यक्तीचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, शिक्षण आणि व्यवसाय असा तिचा साचा आहे. मराठवाड्यात काही तहसील कचेऱ्यांत ती शिल्लक आहे. सगळ्या गावांची नाही, आणि जेथे आहे तेथेही काही पाने वाळवीने नेलेली असतात. आजोबा १९५१ मध्ये हयात असतील, तर सर्व घर एकत्र दिसण्याची शक्यता असलेला हा एकमेव कागद आहे. त्याच्या जोडीला १९५४-५५ चे खासरा पत्रक (कोणता सर्व्हे नंबर कोणाकडे, याची नोंद), त्याआधीची पाहणी पत्रके (शेत आणि पिके यांची नोंद), निजामकालीन मोजणीचे सेतवार (शेतांची नंबरवार यादी) आणि गावच्या सर्वांत जुन्या शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही पाहावी. आपण शिक्षक असल्याने शेवटच्या नोंदवहीची किंमत आपल्याला सांगायला नको. जमीन नसलेल्या घरांसाठी तर बहुधा तीच पहिली लेखी नोंद असते.

अर्ज करताना ‘आमच्या घराण्याची जुनी नोंद मिळावी’ असे मोघम लिहू नये. गावाचे नाव, नोंदवहीचे नाव, वर्ष आणि माहीत असल्यास सर्व्हे नंबर, एवढे नेमके लिहून तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज द्यावा. सेतवार आणि मोजणीची टिपणे उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे असतात. ‘आढळ होत नाही’ असे उत्तर आले, तर ते लेखी मागावे आणि माहितीच्या अधिकारात अभिलेख समक्ष पाहण्याची परवानगी मागावी; तो अधिकार कायद्यातच आहे. मला स्वतःला एका कचेरीतून असे उत्तर दोनदा मिळाले होते आणि तिसऱ्या खेपेस तोच बस्ता शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात बांधलेला सापडला.

प्रश्न : हैदराबाद गॅझेटियरमध्ये आमच्या पणजोबांचे नाव व जात आहे, असे गावात सांगतात. ते पुस्तक विकत मिळेल काय?
— एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : पुस्तक मिळेल, त्याच्या प्रती संगणकावरही पाहता येतात, पण त्यात पणजोबा नाहीत. गॅझेटियर म्हणजे मुलखाचे वर्णन. नद्या, पिके, बाजार, देवळे, किल्ले आणि कोणत्या जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती लोक, एवढे त्यात असते. औरंगाबाद जिल्ह्याचे असे गॅझेटियर १८८४ मध्ये निघाले आणि संपूर्ण संस्थानाचे १९०९ मध्ये. दोन्हींत जातींचे आकडे आहेत. सामान्य रयतेची नावे कोठेही नाहीत.

मराठवाड्यातील मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासंबंधीच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर ‘गॅझेटियरमध्ये नाव निघाले’ असा शब्दप्रयोग मराठवाड्यात सर्रास ऐकू येतो. मात्र नाव निघते ते गावच्या नोंदींतून. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी तपासलेली कागदपत्रेही याच प्रकारची होती, म्हणजे महसुली, शैक्षणिक आणि जन्ममृत्यूच्या नोंदवह्या. आपला हेतू जातीच्या दाखल्याचा असेल, तर किती मागे जायचे हे प्रवर्गानुसार ठरते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीची नोंद पाहिली जाते. केवळ वंशावळीची आवड असेल, तर तारखेचे बंधन नाही आणि घाईही नाही.

प्रश्न : आमचे गाव उदगीरजवळ आहे. १९५१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत आमच्या गावाची लोकसंख्या पाहण्यासाठी लातूरची पुस्तिका मागितली, तर ती निघालीच नव्हती असे सांगण्यात आले. उस्मानाबादच्या पुस्तिकेतही गाव नाही. गाव गेले कोठे?
— एक वाचिका, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : गाव जागेवरच आहे, जिल्हे फिरले. १९५१ मध्ये उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तिन्ही तालुके हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि हे तीन तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा ते लातुरात आले. आपण बिदरची १९५१ ची पुस्तिका मागा. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरील डिजिटल ग्रंथालयात जुने अहवाल आणि जिल्हा पुस्तिका विनामूल्य पाहता येतात. शोधताना पुस्तिकेत गावाचे नाव इंग्रजी स्पेलिंगने आणि तेही तत्कालीन उच्चाराने छापलेले असते, हे लक्षात असू द्यावे.

हाच घोळ किनवटकरांचा होतो. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. उलट मुधोळ आणि भैंसा हा भाग तोवर नांदेडात होता आणि आज तेलंगणात आहे. हिंगोलीकरांनी १९९९ च्या आधीची गावे परभणीत शोधावीत, जालनेकरांनी १९८१ पूर्वीची बहुतेक औरंगाबादेत. धाराशिवचा जिल्हा तर एकोणिसाव्या शतकातील कागदांत नळदुर्ग या नावाने येतो. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हे वरच्या पत्रलेखकांना ठाऊक आहे. त्यांच्या नातवाला ठाऊक असेलच असे नाही.

आपल्या पत्रात आणखी एक बारीक उल्लेख आहे, की गाव पूर्वी जहागिरीचे होते. तसे असेल, तर १९४९ पूर्वीचे महसुली कागद तहसिलीत अपुरे असण्याचा संभव आहे. जहागिरीची वसुली जहागीरदाराची कचेरी करीत असे आणि तिचे दप्तर तिच्याकडेच राही; ऑगस्ट १९४९ च्या कायद्याने जहागिरी बरखास्त झाल्यावरच ती गावे सरकारी कारभारात आली. इनाम जमिनींच्या चौकशीचे निकाल, ज्यांना मुंतखब म्हणतात, आणि निजामाच्या दिवाणी कचेऱ्यांचे बरेचसे कागद हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागारात आहेत. तेथे जाण्याआधी छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात चौकशी केल्यास एक खेप वाचू शकते.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत एक जीर्ण उर्दू कागद निघाला. गावातील मौलवीसाहेबांनी वाचून सांगितले, की त्यावर ‘१५ खुरदाद १३४४ फसली’ अशी तारीख आहे आणि ‘कौम’ व ‘वल्द’ असे शब्द आहेत. आमचे आडनाव मात्र कोठेच नाही. हा कागद आमचाच असेल का?
— एक शेतकरी वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : तारखेपासून सुरुवात करू. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात आजुर महिन्याने सुरू होई. मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबहिश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर आणि आबान असा क्रम असे. फसली सालात ५९० मिळवले की वर्षाच्या आरंभीचे इसवी साल मिळते. जानेवारीपासूनची तारीख असेल तर ५९१ मिळवावेत. खुरदाद सातवा, म्हणजे एप्रिलच्या सुमाराचा. तेव्हा आपला कागद एप्रिल १९३५ चा आहे. हाच हिशेब आणखी एकदा करून पाहायचा असेल, तर हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा आहे, म्हणजे १९०७-०८ चा.

आता आडनाव. त्या काळच्या नोंदीत आडनाव नसणे हीच रीत होती. ‘तुकाराम वल्द लिंबाजी, कौम अमुक, साकिन तमुक’ असा मजकूर असे. वल्द म्हणजे मुलगा, कौम म्हणजे जात आणि साकिन म्हणजे राहणार. मराठी आणि मोडी कागदांत वल्दच्या जागी ‘बिन’ येतो. मीही माझ्या पणजोबांना दोन वर्षे आडनावाने शोधत होतो. शेवटी पाहणी पत्रकाच्या एका पिवळ्या पानावर, कोपरा दुमडून शाई पुसट झालेल्या रकान्यात, नुसते त्यांचे आणि त्यांच्या बापाचे नाव, पुढे शेताचे आकारमान आणि ज्वारी, तूर अशी पिके, एवढेच दिसले. शेजारच्या रकान्यात विहीर नाही असे नमूद होते. ती विहीर आजोबांनी खणली, हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्यावरूनच शेत आमचे, याची खात्री पटली.

म्हणून आपणही नावावरून नव्हे, जमिनीवरून ताळा घाला. कागदावर सर्व्हे नंबर किंवा शेताचे नाव असेल, तर १९५४-५५ च्या खासरा पत्रकात तो नंबर कोणाच्या नावे आहे ते पाहा आणि तेथून फेरफारांच्या मार्गाने आजच्या सातबारापर्यंत या. मध्ये एकही दुवा तुटला नाही, तर कागद आपला. एका शब्दाबाबत मात्र सावध राहा. मराठी दस्तांत ‘सगुणाबाई कोम रामजी’ असे येते, तेथे कोम म्हणजे ‘ची बायको’. तो उर्दूतील कौमचाच भाऊ असला, तरी अर्थ जातीचा नव्हे. या एका मात्रेच्या फरकाने नवऱ्याच्या नावाला जात समजून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

मौलवीसाहेबांनी वाचून दिले हे उत्तम झाले, पण सरकारी कामासाठी लिप्यंतर अधिकृत जाणकाराकडूनच करून घ्यावे लागते, आणि शिकस्ता (घाईने जोडून लिहिलेल्या) वळणाची उर्दू वाचणारे आता थोडेच उरले आहेत. कागद प्लॅस्टिकमध्ये चिकटवून घेऊ नका. आधी स्वच्छ उजेडात त्याचे छायाचित्र काढून ठेवा.

प्रश्न : आमच्या घराण्याची छापील वंशावळ आहे. त्यात सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि एकही बाई नाही. मला आजीच्या आईचे नाव हवे आहे. मिळेल का?
— एक वाचिका, सेलू (जि. परभणी)

उत्तर : अवघड आहे, पण अशक्य म्हणणार नाही. जुन्या खानेसुमारीत गणकांना अशी सवलत होती, की घरातील बायकांची नावे सांगायला घरमालकाने हरकत घेतली तर नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ असे लिहिले तरी चालावे. म्हणजे ती पाने उरली असती, तरी आपल्याला कदाचित एवढाच एक शब्द मिळाला असता. जमिनीच्या कागदात बाई येते ती बहुधा विधवा झाल्यावर, वारस म्हणून किंवा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाची पालनकर्ती म्हणून. तेव्हा आजीच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार आजीच्या माहेरगावी काढून पाहा. १९५१ च्या नागरिक नोंदवहीत मात्र बायका आपल्या नावानिशी आहेत. आजीची आई त्या साली हयात असली, तर तेथे नवऱ्याच्या नावासह दिसेल.

याहून बरी जागा तीर्थक्षेत्रांची. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पैठण येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात आणि त्या गाव, आडनाव, जात अशा क्रमाने लावलेल्या असतात. श्राद्धविधीला गेलेला माणूस त्यात स्वतःच्या हाताने वडील, आजोबा, पणजोबा आणि पुष्कळदा आई, आजी, पणजीची नावे लिहून सही करतो, कारण पिंडदानाच्या संकल्पात मातृपक्षाचीही नावे घ्यावी लागतात. जाताना आजीच्या माहेरचे आडनाव आणि मूळ गाव पक्के माहीत असू द्या. सासरच्या आडनावाने विचारलेत तर उपाध्ये वेगळीच वही काढतील. आणि नाव सापडो वा न सापडो, वहीत नवी नोंद करण्याचा आग्रह ते करतीलच. तेव्हा आपल्या आईचे, आजीचे नाव त्यांच्या माहेरच्या गावासह त्या ओळीत लिहून या.